आकार ओळखता येतात, समजतात का?

भाईंदर पूर्वेला गोडदेव नाक्याच्या बाजूने हिंडलं की वह्या-पुस्तकांच्या दुकानांबाहेर टांगलेले तक्ते दिसतात. बाराखडी, फळं, भाज्या, आणि त्यांच्या जोडीला आकार. वर्तुळ, चौरस, त्रिकोण, आयत, लंबगोल, तारा, बदाम. प्रत्येकाचा रंग वेगळा, खाली ठळक अक्षरात नाव. बालवाडीतल्या पोराच्या घरी हा तक्ता भिंतीवर लागतो, पोर चार दिवसांत तो घडाघडा म्हणायला लागतं, पाहुण्यांसमोर म्हणूनही दाखवतं. पुढे पहिलीच्या गणितात आकारांचा पाठ येतो तेव्हा बाईंनाही वाटतं, हे तर पोरांना येतंच. दोन तासांत पाठ उरकतो आणि वर्ग पुन्हा बेरीज-वजाबाकीकडे वळतो.

आकार म्हणजे गणितातला खेळीमेळीचा, फार न शिकवता येणारा भाग, असा समज इतका पक्का आहे की त्याबद्दल कोणी भांडतसुद्धा नाही. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ऐवजी ‘वीस एक’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांना जागोजागी खुलासे करावे लागले, विधानसभेपर्यंत विषय गेला. संख्यांबद्दल आपण इतके हळवे आहोत. पण आकारांचा पाठ कसा शिकवला जातो, त्यातून मुलाच्या डोक्यात काय उतरतं, यावर एवढी तर सोडाच, त्याच्या शंभराव्या हिश्शाएवढीही चर्चा कधी ऐकलेली नाही.

नावं येणं म्हणजे आकार समजणं नव्हे, हे पडताळून पाहायला साधन फार लागत नाही. पुठ्ठ्याचा एक त्रिकोण कापा, तीन बाजू तीन वेगळ्या लांबीच्या, आणि टोक खाली करून पहिलीच्या मुलांसमोर धरा. काही मुलं म्हणतील ‘उलटा त्रिकोण’, काही म्हणतील ‘हा त्रिकोण नाहीच’. मग चौरस घ्या आणि एका कोपऱ्यावर उभा करा. उत्तर येईल ‘शंकरपाळी’, नाहीतर ‘पतंग’, पत्ते खेळणाऱ्या घरातलं पोर म्हणेल ‘चौकट’. तोच पुठ्ठा त्यांच्या डोळ्यांदेखत सरळ करा. आता तो चौरस झाला! मधल्या क्षणात त्याची एकही बाजू लांबली नाही की एकही कोपरा बदलला नाही. तरी मुलांच्या लेखी वस्तू बदलली, कारण ती चौरस शिकलीच नव्हती. तक्त्यावरचं चित्र शिकली होती.

हा दोष गोडदेवच्या किंवा आपल्याच मुलांचा नाही. डग्लस क्लेमेंट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीन ते सहा वर्षांच्या ९७ मुलांना आकार ओळखायला लावले. १९९९ मध्ये ते निष्कर्ष छापून आले. वर्तुळं मुलांनी ९६ टक्के अचूक ओळखली, चौरस ८७ टक्के. त्रिकोण मात्र ६० टक्क्यांवर आला आणि आयत ५४ वर. चुका कुठे झाल्या हे जास्त बोलकं आहे. अरुंद, तिरका त्रिकोण मुलांनी नाकारला, पण बाजू किंचित वक्र असलेली त्रिकोणासारखी आकृती मान्य केली. लांबट समांतरभुज चौकोनाला बिनदिक्कत आयत म्हटलं. वर्तुळ कसंही फिरवा, सारखंच दिसतं, म्हणून त्यात चूक होत नाही. त्रिकोणाचे हजार अवतार असतात आणि आपण दाखवतो एकच.

या प्रश्नावरचं सगळ्यात उपयोगी विवेचन हॉलंडमधल्या एका शिक्षक दांपत्याचं आहे. पियर आणि डीना व्हॅन हिले. दोघांनी १९५७ मध्ये उत्रेख्त विद्यापीठाला प्रबंध सादर केले. डीना त्यानंतर थोड्याच काळात वारल्या. वर्गात आपण तळमळून शिकवतो आणि मुलांना कळत नाही, असं का, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तर असं निघालं की भूमितीची समज पायऱ्यांनी चढते. पहिल्या पायरीवर मूल आकार एकसंध पाहतं: दारासारखा दिसतो म्हणून आयत. दुसऱ्या पायरीवर गुणधर्म दिसू लागतात: चार कोपरे, चारही काटकोन, समोरासमोरच्या बाजू सारख्या. तिसरीवर गुणधर्मांचं आपसातलं नातं कळतं. सिद्धता वगैरे त्याच्याही वर. पायरी ओलांडायला वय पुरत नाही, हातांना मिळालेलं काम लागतं. शिक्षक तिसऱ्या पायरीवरून बोलत असेल आणि मूल पहिलीवर असेल, तर दोघं एकच शब्द वापरूनही एकमेकांचं ऐकत नसतात. सोव्हिएत संघाने १९६०च्या दशकात याच मांडणीच्या आधारे आपला भूमितीचा अभ्यासक्रम नव्याने रचला. आपल्याकडे डी.एड.च्या अभ्यासात पियाजे येतो. व्हॅन हिले दांपत्याशी ओळख झालेले प्राथमिक शिक्षक क्वचित भेटतात.

मात्र आपल्याकडे काहीच नव्हतं असं म्हणणं खोटं ठरेल. भाईंदरहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे जात राहिलं की डहाणूच्या पुढे घोलवड लागतं. तिथून जवळच्या बोर्डीला ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. त्याआधी, १९२६ मध्ये, गिजुभाई बधेकांसोबत त्यांनी नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना केली होती. माँटेसरीची पद्धत त्यांना मनापासून पटलेली होती. लाकडी चौकटीत बसणारे आकार, बोटाने कडा चाचपून पाहणं, नाव नंतर सांगणं, हे सगळं त्यात आहे. अडचण पैशांची होती. ती साधनं शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांसाठी होती, वारली पाड्यावरच्या अंगणासाठी नव्हती. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, बिया, पानं, माती, काड्या यांतून साधनं केली. बालवाडीच अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा काढली.

ज्या मुलांना ही मंडळी शिकवत होती, त्यांच्या घरच्या भिंतींवर आधीपासूनच भूमिती होती. वारली चित्रात माणसाचं धड म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण, एक सुलटा, एक उलटा. डोकं वर्तुळ. लग्नाच्या वेळी भिंतीवर लिहिला जाणारा देवीचा चौक चौकोनी. टोक खाली असलेला त्रिकोण त्रिकोण आहे की नाही, हा प्रश्न त्या चित्रात उद्भवतच नाही. तिथे प्रत्येक माणसाच्या छातीचा त्रिकोण टोक खाली करूनच असतो. जिव्या सोमा मशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाल्यापासून वारली चित्रं रेल्वे स्थानकांपासून कुर्त्यांपर्यंत सगळीकडे पोचली. शाळांच्या भिंतीही रंगल्या. पण त्या भिंतीकडे बोट दाखवून ‘यात त्रिकोण किती, उलटे किती’ असं विचारणारा गणिताचा तास मला अजून दिसायचा आहे.

आधी घनवस्तू की आधी सपाट आकृती, हा या विषयातला जुना वाद. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलने एकोणिसाव्या शतकातच त्याचा निकाल लावला होता. त्याच्या साधनांत पहिला येतो चेंडू, मग लाकडी गोल, वृत्तचिती आणि घन. सपाट तुकडे नंतर, काड्या त्याहून नंतर. मूल ज्या जगात वावरतं ते जाडीचं आहे, कागदाचं नाही, म्हणून हा क्रम बरोबरच वाटतो. आपल्या वर्गात घोटाळा होतो तो इथे. बाई डबा उचलून विचारतात, ‘हा कोणता आकार?’ आणि मुलं एकसुरात म्हणतात, ‘आयत!’ डबा आयत नाही; डब्याची एकेक बाजू आयत आहे. बांगडी गोल, चेंडू गोल, भाकरी गोल, असं एकाच शब्दात सगळं बसवून आपण पुढे जातो आणि पाचवीत ‘त्रिमितीय वस्तू व घडणी’ हा पाठ आला की मुलं गांगरतात.

यावर काडेपेटीइतकं चांगलं साधन नाही. काडेपेटी कागदावर ठेवा, पेन्सिलीने कडेकडेने रेघ ओढा. मग ती आडवी करा, पुन्हा ओढा. उभी करा, पुन्हा ओढा. एकाच पेटीतून तीन वेगवेगळे आयत निघतात: एक रुंद, एक अरुंद, एक अगदी पट्टीसारखा. आयत म्हणजे नक्की काय, याची चर्चा आता करता येते, कारण समोर तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांसारखे दिसत नाहीत. मग वाटीचा काठ ओढा, चेंडू ठेवून बघा. चेंडूच्या कडेने रेघ ओढायला पेन्सिल नीट टेकतच नाही. मुलं हसतात आणि त्या हसण्यात वर्तुळ व गोल यांतला फरक कायमचा कळतो.

काटकोनाचंही असंच. पाठ्यपुस्तकात तो कोपऱ्यात छोटासा चौकोन काढून दाखवतात, कंपासपेटीत गुण्या असतो. पण मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये कागदाच्या घड्यांतून भूमितीचं एक अख्खं पुस्तक लिहिलं. फ्रोबेलच्या साधनांतल्या कागदी घड्यांवरूनच ते सुचलं, असं त्यांनी प्रस्तावनेत सांगितलं आहे. पुढे जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि ते अमेरिकेतही छापलं गेलं. त्यातली युक्ती पहिली-दुसरीलाही जमते. कसाही फाटका, वेडावाकडा कागद घ्या. कुठेही एक घडी घाला. सरळ कड मिळाली. आता ती कड तिच्यावरच नीट बसेल अशी दुसरी घडी घाला. जो कोपरा तयार झाला तो काटकोन, पट्टी नको, गुण्या नको. हा कोपरा हातात घेऊन मुलं वर्गभर फिरतात: फळ्याचा कोपरा बसतो, खिडकीचा बसतो, बाकाचा बसतो, पंख्याच्या पात्याचा बसत नाही. सुताराच्या मुलाला हे लगेच ओळखीचं वाटतं. बाप चौकट ठोकताना गुण्या लावतो तो याच कामासाठी.

अरविंद गुप्तांचं नाव इथे आल्याशिवाय राहत नाही. होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात १९७८च्या सुमारास त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून आकृत्या करण्याची पद्धत बसवली. पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसून त्यांनी कचऱ्यातून खेळणी करायला हजारो मुलांना शिकवलं. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तीन काड्या तीन ट्यूब-तुकड्यांनी जोडा, त्रिकोण होतो. दाबा, ओढा, हलत नाही. चार काड्यांचा चौरस करा आणि कोपऱ्यातून हलकेच दाबा: तो कलतो, समभुज चौकोन होतो, आणखी दाबला तर जवळजवळ रेघच. समोरासमोरचे दोन कोपरे जोडणारी एक काडी घाला, पुन्हा ताठ. पुलांच्या सांगाड्यात, विजेच्या मनोऱ्यात त्रिकोणच का दिसतात, याचं उत्तर आठ वर्षांच्या मुलाच्या बोटांना मिळालं. शिवाय चारही बाजू तेवढ्याच ठेवून चौरसाचं चौरसपण जातं, कारण कोपरे बदलले, हेही कळलं. तक्त्यासमोर वर्षभर बसून हे कळत नाही. आज सायकलची दुकानं कमी झाली असतील, तर शीतपेयाच्या नळ्या आणि दोरा यांवर काम भागतं.

दिवाळीत घरी आकाशकंदील करणारी पोरं याच्या पुढे असतात, हे ओघात सांगून टाकतो. कामट्यांचे चौकोन बांधताना ते कलत राहतात. एकमेकांना जोडले आणि मधे त्रिकोण पडले की कंदील ताठ उभा राहतो. तयार प्लास्टिकचा कंदील आणणाऱ्या घरात हा धडा बुडतो.

गोडदेवला परत येऊ. मूळचं आगरी गाव. आसपास मिठागरं, त्यांचे ओळीने आखलेले चौकोनी वाफे. मग इमारती, चाळी, औद्योगिक गाळे आले. २०११च्या जनगणनेत मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती, आणि त्या गर्दीत मराठीच्या जोडीला हिंदी, गुजराती, उर्दू बोलणारी घरं आहेत. महापालिकेच्या शाळाही या चारही माध्यमांत चालतात. एकाच इमारतीतलं एक पोर चौरस म्हणतं, दुसरं वर्ग, तिसरं स्क्वेअर; शिकवणीच्या ताई इंग्रजी नाव पाठ करून घेतात कारण परीक्षेला तेच. पालकांना याची काळजी वाटते. मला वाटत नाही. नाव कोणत्याही भाषेत असो, ‘कशावरून ओळखलंस?’ या प्रश्नाला मूल काय उत्तर देतं, यावर सगळं आहे. ‘दिसतो तसा’ असं उत्तर आलं तर ते अजून पहिल्या पायरीवर आहे. ‘चारही बाजू सारख्या आणि कोपऱ्यात घडी बसते’ असं म्हणालं, तर त्याला कुठल्याही माध्यमात घाला, ते पुढे जाईल.

आणि साधनं शोधायला लांब जायला नको. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींत स्टीलची भांडी घडवणारे गाळे आहेत. ताट-वाटीसाठी पत्र्यातून गोल चकत्या कापतात, आणि चकत्यांच्या मधे उरलेलं टोकदार भंगार वेगळं काढतात. चौरस पत्र्यातून कडांना टेकणारी सगळ्यात मोठी चकती काढली तर सुमारे ७८.५ टक्के पत्रा वापरला जातो, बाकीचा भंगारात. चौथीच्या मुलांना टक्के समजणार नाहीत, पण चौकटीच्या कागदावर वाटी ठेवून ‘वर्तुळाच्या बाहेर किती घरं उरली’ हे मोजता येतं. ज्याचा बाप त्या गाळ्यात कामाला आहे, तो त्या दिवशी वर्गात सगळ्यात जास्त बोलेल.

संक्रांतीची पतंगही इथे भरपूर. पुस्तकातल्या ‘पतंग’ नावाच्या चौकोनाच्या खालच्या बाजू वरच्यांपेक्षा लांब असतात. आपण उडवतो ती पतंग बहुधा जवळजवळ चौरस, फक्त कोपऱ्यावर उभी. मुलांना दोन्ही शेजारी ठेवून बघू द्या.

शिक्षकांत नेहमी वादाचा ठरणारा मुद्दा म्हणजे चौरस हा आयत असतो का. गणिताच्या दृष्टीने होय. पहिलीत हे शिकवायचं का? नको. व्हॅन हिले यांच्या तिसऱ्या पायरीचं ते काम आहे. पण ‘आयत म्हणजे दोन बाजू लांब, दोन आखूड’ अशी व्याख्या तरी वहीत लिहून देऊ नये, आणि ती सर्रास लिहून दिली जाते. सातवी-आठवीत तीच मोडून काढावी लागते आणि मूल म्हणतं, ‘पण बाईंनी सांगितलं होतं.’ कमी सांगितलेलं चालतं, चुकीचं सांगितलेलं पुढच्या शिक्षकाला निस्तरावं लागतं.

मोबाइलवरच्या आकारांच्या खेळांबद्दल थोडक्यात. आकार ओढून खाचेत बसवायचा खेळ वाईट नाही, पण बहुतेक खेळांत आकार फिरवता येत नाही. तक्ताच पडद्यावर आला इतकंच. जिओजेब्रासारख्या प्रणालीत त्रिकोणाचं टोक धरून ओढता येतं आणि तो हजार रूपं घेतो. पाचवीपासून पुढे त्याचा खरा उपयोग आहे.

हे सगळं माहीत असून वर्गात का होत नाही? शिक्षक आळशी आहेत म्हणून नव्हे. जे तपासलं जातं ते शिकवलं जातं. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘असर’ अहवाल गणितात अंक ओळख, वजाबाकी आणि भागाकार पाहतो. तो ग्रामीण भागापुरता आहे, पण राज्यभरातल्या अधिकाऱ्यांचं लक्ष त्याने त्याच तीन गोष्टींवर खिळवून ठेवलं. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाच्या आराखड्यात आकार आणि अवकाशाची समज हा घटक आहे. पण शाळेच्या भिंतीवर रंगवलेली लक्ष्यं पाहा: पहिलीला ९९ पर्यंत संख्या, दुसरीला ९९९, तिसरीला ९,९९९ आणि सोपा गुणाकार. आकार त्या यादीतून गळाले. उलट टोकाला शिष्यवृत्ती परीक्षा. तिथे बुद्धिमत्ता चाचणीत ‘आकृतीत एकूण त्रिकोण किती’ हा प्रश्न वर्षानुवर्षं ठाण मांडून आहे, आणि मुलं तो क्लासमध्ये शिकवलेल्या सूत्राने सोडवतात. ज्याने पहिलीत उलटा त्रिकोण नाकारला होता, तो त्या परीक्षेत सूत्र लावून ‘दहा’ म्हणतो. उत्तर बरोबर येतं, गुण मिळतात.

म्हणून मागणी साधी आहे आणि ती महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे, राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, आणि चाचण्या काढणाऱ्या प्रत्येकाकडे आहे. पहिली ते तिसरीच्या संख्याज्ञानाच्या चाचणीत आकारांचा एकच प्रश्न घाला: पाच-सहा आकृत्या, काही तिरक्या, काही वक्र बाजूंच्या, एखादी उघडी, ‘यांतले त्रिकोण कोणते, आणि कशावरून?’ त्यातला ‘कशावरून’ काढू नका. तेवढा प्रश्न आला तर जूनपासून वर्गात कागदाच्या घड्या पडू लागतील, आणि त्यासाठी कुठल्याही शाळेला नवीन साहित्य विकत घ्यावं लागणार नाही.